बोटीचा सेल्फ उचलत नाही तेव्हा: डिझेल इंजिनाच्या स्टार्टिंगमधला विजेचा दोष कसा शोधावा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात शाकारून किंवा खाडीत नांगरून ठेवलेल्या नौका ऑगस्टच्या तोंडावर पुन्हा सुरू करायच्या असतात, आणि सेल्फच्या, म्हणजे इंजिनाला सुरुवातीची फिरकी देणाऱ्या विजेच्या मोटरच्या, तक्रारींचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो. चावी फिरवली की केबिनमधले दिवे मंदावतात, इंजिनरूममधून 'कट्' असा एक आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही. अशा वेळी बहुधा आधी बॅटरी बदलली जाते, तेवढ्याने भागले नाही तर सेल्फ उतरवून दुरुस्तीला पाठवला जातो, आणि दोन्हींवर खर्च झाल्यानंतर एखाद्या बोल्टखाली गंजलेला लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा कान, सापडतो. खाऱ्या हवेत वापरल्या जाणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत माझे मत असे आहे की, दोष सुट्या भागांपेक्षा जोडण्यांमध्ये अधिक वेळा असतो आणि तो सेल्फ चालू असतानाच्या मोजमापातूनच हाती लागतो. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर, पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि चावी फिरवायला एक माणूस एवढे पुरते.

सेल्फचे काम कसे चालते

सेल्फच्या व्यवस्थेत दोन वेगवेगळे मार्ग असतात आणि ते डोक्यात वेगळे ठेवले तर अर्धे काम सोपे होते. पहिला मार्ग जाड केबलचा आहे: बॅटरीचा पॉझिटिव्ह, तिथून मेन स्विच, तिथून सेल्फवरच्या सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचचा) मोठा बोल्ट, सोलेनॉइडच्या आतील तांब्याचे संपर्क, मोटर, आणि मोटरच्या अंगातून इंजिनाच्या ब्लॉकमार्गे परत बॅटरीचा निगेटिव्ह. दुसरा मार्ग बारीक वायरचा आहे: फ्यूज, चावी, असल्यास गिअरच्या लिव्हरवरचा न्यूट्रल स्विच, रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) आणि शेवटी सोलेनॉइडवरचे लहान टर्मिनल. बऱ्याच सेल्फवर मोठ्या बोल्टला ३० आणि लहान टर्मिनलला ५० असा क्रमांक कोरलेला असतो; पुढे याच क्रमांकांनी त्यांचा उल्लेख केला आहे.

चावी फिरवली की ५० क्रमांकावर वीज पोहोचते, सोलेनॉइडचा दांडा आत ओढला जातो, तो एका बाजूने पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या लहान दातेरी चाकाला, फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची चकती दोन मोठ्या बोल्टांवर दाबून मोटरला वीज देतो. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. ओढणारी गुंडाळी जोरकस असते आणि तिचा परतीचा मार्ग मोटरच्या कार्बन ब्रशमधून जातो. धरून ठेवणारी गुंडाळी हलकी असते आणि ती थेट अंगाला अर्थ झालेली, म्हणजे निगेटिव्हला जोडलेली, असते. हा तपशील किरकोळ वाटला तरी उपयोगाचा आहे, कारण ब्रश पूर्ण झिजले तर ओढणाऱ्या गुंडाळीचा मार्गच तुटतो, सोलेनॉइड दुबळेपणाने हलते किंवा हलतच नाही, आणि दोष मोटरमध्ये असताना सोलेनॉइड बदलले जाते.

प्रवाह किती असतो याचीही कल्पना असावी. चार-सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा १२ व्होल्टचा सेल्फ इंजिन फिरवताना ३०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. एखाद्या सांध्यात केवळ ०.०१ ओहम इतका रोध तयार झाला, तर ३०० अँपिअरवर तिथे ३ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे त्या एका बोल्टखाली ९०० वॅटची उष्णता निर्माण होते आणि सेल्फला बाराऐवजी जेमतेम आठ-नऊ व्होल्ट मिळतात. मल्टीमीटरच्या ओहमच्या पट्टीवर ०.०१ ओहम भरवशाने वाचता येत नाही. टेस्ट लॅम्पही फसवतो, कारण जाड केबलमधील एखादी बारीक तार शाबूत असली तरी दिवा लखलखीत पेटतो आणि केबल ठीक आहे असा समज होतो. मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घेतले जातात, तेव्हा त्याच ताकदीसाठी प्रवाह निम्मा लागतो. म्हणून तिथे हा त्रास थोडा उशिरा जाणवतो, पण टळत नाही.

हात लावण्याआधी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गळलेला गॅस याउलट हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी पाण्यासोबत साचून राहतो. म्हणून इंजिनरूमचे झाकण काही वेळ उघडे ठेवावे, वास घ्यावा आणि मगच पाना हातात घ्यावा. हातातले कडे, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. पॉझिटिव्ह आणि ब्लॉक यांच्यामध्ये आलेली अंगठी क्षणात लालबुंद होते. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढावा आणि जोडताना तो शेवटी लावावा, म्हणजे पॉझिटिव्हवर फिरणारा पाना चुकून ब्लॉकला टेकला तरी काही बिघडत नाही.

गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर न ठेवता स्वतः करावी. चाचणी करताना इंजिन सुरू होऊ नये यासाठी स्टॉपची दोरी ओढून बांधावी, किंवा स्टॉप विजेवर असेल तर त्याची योग्य ती वायर सोडावी किंवा जोडावी. ज्या इंजिनांचा एक्झॉस्ट समुद्राच्या पाण्याने थंड होतो, त्यांच्याबाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते: इंजिन नुसते फिरवत राहिले तर पंप एक्झॉस्टमध्ये पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, आणि पाणी मागे चढून सिलिंडरमध्ये शिरू शकते. त्यामुळे लांबलेल्या चाचणीत समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि इंजिन सुरू होताच तो लगेच उघडावा, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरून जळतो. व्हॉल्व्ह बंद केल्याची आठवण म्हणून चावीलाच एक फडके बांधून ठेवणे ही चांगली सवय आहे.

एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये एक-दोन मिनिटे थांबावे. सेल्फ थोड्या वेळाच्या कामासाठीच बनवलेला असतो.

आवाज काय सांगतो

चावी फिरवल्यावर काय ऐकू येते याकडे लक्ष दिले, तर कोणत्या मार्गात शोध घ्यायचा हे तिथेच ठरते.

काहीच आवाज आला नाही आणि दिवेही मंदावले नाहीत, तर जाड केबलच्या मार्गात प्रवाह सुरूच झालेला नाही. शोध चावीकडून ५० क्रमांकाकडे जाणाऱ्या बारीक वायरच्या मार्गात घ्यावा. पॅनेलवरचे दिवेही मेले असतील तर मेन स्विच, मुख्य फ्यूज किंवा बॅटरीची पकड पाहावी.

कटकटकट असा सलग आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा जाड मार्गातला एखादा सांधा खराब असतो. सोलेनॉइड ओढले जाते, मोटरला प्रवाह मिळतो, त्या भाराने व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटते, भार गेल्याने व्होल्टेज पुन्हा चढते, आणि हे चक्र सेकंदात अनेकदा फिरते. बॅटरी आणि केबल निर्दोष ठरल्यास धरून ठेवणाऱ्या गुंडाळीवर संशय घ्यावा.

एकच ठळक 'कट्' आला आणि दिवे मुळीच मंदावले नाहीत, तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले असावेत किंवा मोटरचे ब्रश संपलेले असावेत. एकच 'कट्' आला पण दिवे पार विझू लागले, तर प्रवाह जातो आहे पण मोटर फिरत नाही. अशा वेळी सेल्फला दोष देण्याआधी इंजिनच हाताने फिरते का, हे क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून पाहावे. ते अडत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकते, आणि तशा स्थितीत सेल्फचा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोटर भर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, हा दोष विजेचा नाही. बेंडिक्स (पिनियनला पुढे नेऊन मोटरशी जोडणारा भाग) घसरतो आहे, त्याची आवर्ते असलेली दांडी गंजून पिनियन पुढे सरकत नाही, किंवा रिंगचे दात झिजले आहेत. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना दोन ठराविक जागांपैकी एकीवर आणि सहा सिलिंडरचे तीनपैकी एकीवर थांबते, त्यामुळे रिंग तेवढ्याच जागी खराब होते. इंजिन पान्याने थोडे फिरवल्यावर सेल्फ लागत असेल तर रिंग पाहावी.

बॅटरी: नुसता आकडा पाहून भागत नाही

इंजिन आणि चार्जर बंद करून काही तास झाल्यावर मोजलेले व्होल्टेज खरे मानावे. १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट, अर्धी असेल तर सुमारे १२.२ आणि १२ च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. नुकतीच चार्जिंगवरून काढलेली बॅटरी वरवरचा फुगलेला आकडा दाखवते. घाई असेल तर डेकवरचे दिवे दोन-तीन मिनिटे पेटवून मग मोजावे.

मात्र १२.६ हा आकडा बॅटरीत दम आहे असे सांगत नाही. सल्फेट जमलेली बॅटरी विश्रांतीत बारा-साडेबारा दाखवते आणि भार येताच सातवर येते. त्यासाठी मीटरची टोके थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवून सेल्फ मारावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर वाचन १० च्या वर राहिले तर उत्तम, ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावी, आणि चार्ज केल्यानंतरही ते तसेच खाली जात असेल तर ती बदलण्याच्या लायकीची झाली. पाणी भरता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) अजूनही सर्वात प्रामाणिक साधन आहे. सगळे सेल एकसारखे वाचन देत असतील आणि ते कमी असेल तर बॅटरी नुसती उतरलेली आहे. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली असेल तर ती चार्जिंगला लावून वेळ घालवू नये.

२४ व्होल्टच्या नौकांवर एक दोष इतका सर्रास आढळतो की त्यावर स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. वायरलेस, फिश फाइंडर, मोबाइलचा चार्जर, गाण्यांचा संच ही सगळी १२ व्होल्टची उपकरणे दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोडलेली असतात, कारण तेच सर्वात सोपे असते. ती बॅटरी रोज अधिक उतरते. डायनामोला मात्र दोघींची बेरीज तेवढी दिसते आणि त्या बेरजेनुसारच तो चार्ज करतो. परिणामी एक बॅटरी कायम अर्धपोटी राहून तिच्यात सल्फेट जमते, तर दुसरी वाजवीपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. बेरीज २४.८ दाखवत असली तरी त्यात एक १२.९ आणि दुसरी ११.९ असू शकते. म्हणून दोन्ही बॅटऱ्या नेहमी वेगवेगळ्या मोजाव्यात, विश्रांतीत आणि सेल्फ मारतानाही. उपाय म्हणजे २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवणे किंवा उपकरणांसाठी वेगळी बॅटरी ठेवणे. अशा जोडीतली एकच बॅटरी बदलून जुनीच वायरिंग ठेवली, तर पुढच्या हंगामात नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते. बदलायची वेळ आलीच तर दोन्ही एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्याव्यात.

व्होल्ट कुठे हरवतात ते शोधणे

ही या सगळ्या कामातली मुख्य चाचणी आहे आणि तिला पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, म्हणजे पकडीवर नव्हे तर मधल्या शिशावर, आणि काळे टोक सेल्फच्या ३० क्रमांकाच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारावा. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवले. नंतर लाल टोक सेल्फच्या उघड्या धातूच्या अंगावर आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. हा परतीच्या मार्गातला तोटा. सेल्फ मारत नसताना दोन्ही वाचने शून्य येतात, म्हणूनच ती फिरत्या सेल्फवर घ्यायची असतात.

१२ व्होल्टच्या व्यवस्थेत पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि निगेटिव्ह बाजूला ०.३ व्होल्टपर्यंत तोटा चालतो, आणि कोणत्याही एका सांध्यावर तो ०.१ च्या वर जाऊ नये. २४ व्होल्टवर याच्या दुप्पट आकडे चालवून घेतले जातात, पण सांधे चांगले असतील तर ते तेवढेही येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. समजा २४ व्होल्टच्या नौकेवर सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर २२.८ व्होल्ट आहेत, पण सेल्फच्या बोल्टपासून त्याच्या अंगापर्यंत मोजले तर १८.९ च येतात. बॅटरी निर्दोष आहे, आणि ३.९ व्होल्ट वाटेत गेले आहेत. पॉझिटिव्ह बाजूला १.१ आणि निगेटिव्ह बाजूला २.८ असे त्यांचे वाटप निघाले. आता निगेटिव्ह बाजूचे तुकडे पाडावेत: खुंट ते पकड ०.१, पकड ते केबलचा लग ०.२, पूर्ण केबल ०.३, केबलचा दुसरा लग ते ब्लॉक २.१, आणि ब्लॉक ते सेल्फचे अंग ०.१. संपूर्ण बिघाड एका बोल्टखाली आहे. तो सोडवला की लगखाली इंजिनाच्या रंगाचा थर आणि त्यावर तांबूस गंज दिसतो; इंजिनाला नवा रंग देताना ती जागा झाकून ठेवलेली नसते, एवढेच कारण. अशा बोटीवर नवी बॅटरी बसवली तर इंजिन काही दिवस उचलते, कारण नव्या बॅटरीचा जादा दम तो तोटा भरून काढतो, आणि त्यामुळेच दोष बॅटरीत होता असा समज पक्का होतो.

मीटर नसेल तर हाताचा उपयोग करता येतो. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर प्रत्येक लग, पकड आणि मेन स्विचला बोटाने हळूच स्पर्श करावा. जो सांधा बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तिथेच व्होल्ट उष्णतेत जात आहेत. मेन स्विच विसरू नये. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या स्विचचे आतले संपर्क काळे पडलेले असणे नवलाचे नाही.

काही नौकांवर सेल्फ ब्लॉकला अर्थ केलेला नसतो आणि निगेटिव्हसाठी स्वतंत्र बोल्ट असतो. तिथे अंगाऐवजी त्या बोल्टवरून मोजावे.

सांधा पुन्हा बनवणे

बॅटरीच्या पकडीवर जमलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, मात्र सेलची झाकणे घट्ट लावलेली असावीत, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारले जाते. खुंट आणि पकडीची आतली बाजू ब्रशने घासून चमकती करावी. ब्लॉकवरची जागा पॉलिश पेपरने लखलखीत धातू दिसेपर्यंत घासावी, लग आणि धातू यांच्यामध्ये वॉशर घालू नये, वॉशर नेहमी नटाच्या बाजूला असावा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

केबलचे टोक अधिक बारकाईने पाहावे लागते. लगला बाहेरून काहीच झालेले नसते, पण रबरी आवरण बोटभर मागे कापले तर आतल्या तारा तांब्याच्या रंगाच्या न दिसता काळ्या किंवा हिरव्या, आणि नखाने खरवडल्यावर भुरभुरणाऱ्या निघतात. खारट ओल केशनळीसारखी तारांच्या फटींतून आत चढत जाते. अशी केबल चमकत्या तारा लागेपर्यंत मागे कापावी. त्यात ती अपुरी पडली तर पूर्ण बदलावी. नवी घेताना कथिलाचा मुलामा असलेल्या तारांची मिळाली तर दोन पैसे जास्त देण्यात शहाणपण आहे. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यावा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी बसवावी. हातोडीने चेपलेला लग किंवा नुसता कथिलाचा डाग दिलेला सांधा सेल्फच्या केबलला योग्य नाही. डाग प्रवाहाच्या उष्णतेने वितळू शकतो.

सोलेनॉइडपर्यंत वीज न पोहोचणे

आवाज मुळीच येत नसेल तर मीटरचे लाल टोक ५० क्रमांकावर आणि काळे टोक इंजिनाच्या अंगावर ठेवून चावी फिरवावी. तिथे शून्य असेल तर मागे मागे जावे: रिले, न्यूट्रल स्विच, चावी, फ्यूज. गिअरचा लिव्हर न्यूट्रलमध्येच थोडा मागेपुढे हलवताना सेल्फ लागत असेल तर स्विचची जागा सरकली आहे. इंजिनाकडून पॅनेलकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये बहुधा एक बहुपिनी सॉकेट असते, आणि ते इंजिनाच्या बाजूलाच लोंबत असल्याने त्यावर पाणी ठिबकते. ते सोडवून पाहिल्यास एखादी पिन हिरवी पडलेली आढळते.

५० वर व्होल्टेज येते पण बॅटरीपेक्षा दोन व्होल्ट किंवा त्याहून अधिक कमी, ही स्थिती जास्त फसवी आहे. सोलेनॉइड ओढताना क्षणभर ३० ते ५० अँपिअरसुद्धा घेऊ शकते, आणि चावी वर केबिनमध्ये व इंजिन खाली असल्याने बारीक वायरची जाऊन-येऊन लांबी बरीच होते. मग सकाळी सेल्फ लागतो आणि इंजिन तापल्यावर बंद करून पुन्हा मारला की लागत नाही, कारण गरम तांब्याचा रोध वाढलेला असतो. यावर सर्वात टिकाऊ उपाय म्हणजे सेल्फजवळ चांगल्या क्षमतेचा रिले बसवणे: चावीने फक्त रिले उचलायचा आणि रिलेने जाड, आखूड वायरमधून ३० वरून ५० ला वीज द्यायची. रिले बॅटरीच्या व्होल्टेजचाच घ्यावा आणि त्याच्या वायरला फ्यूज द्यावा.

बंदरावर पेचकसाने ३० आणि ५० जोडून इंजिन सुरू करण्याची पद्धत सर्वत्र दिसते. चाचणी म्हणून तिला अर्थ आहे: तसे केल्यावर सेल्फ जोमाने फिरला तर सोलेनॉइड, मोटर आणि जाड केबल निर्दोष आहेत आणि दोष बारीक मार्गात आहे. परंतु यात न्यूट्रल स्विच वगळला जातो, हात बेल्टजवळ असतो आणि ठिणगी उडते. त्याऐवजी दोन चिमटे लावलेल्या वायरमध्ये पुश बटण बसवून घ्यावे. ते बनवायला फारसा खर्च येत नाही. दोन मोठे बोल्ट एकमेकांना जोडण्याचा प्रकार मात्र करूच नये. त्यात पिनियन पुढे न जाता मोटर तेवढी फिरते आणि पेचकस बोल्टला चिकटून बसण्याचा धोका असतो.

सेल्फ उतरवण्याची वेळ

३० वर पूर्ण व्होल्टेज, ५० वर पूर्ण व्होल्टेज, अर्थ निर्दोष, इंजिन हाताने मोकळे, आणि तरीही सेल्फ फिरत नाही, अशी खात्री झाल्यावरच सेल्फच्या बोल्टना पाना लावावा. त्याआधी एक मोजमाप करून घ्यावे: सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये किती व्होल्ट येतात? विश्रांतीत तिथे बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसते, कारण संपर्क उघडे असतात. सेल्फ मारल्यावर ते ०.३ च्या खाली यायला हवे. एक-दोन व्होल्ट राहिले तर आतली चकती जळालेली आहे. बऱ्याच सोलेनॉइडमध्ये चकती आणि बोल्ट बदलता येतात.

सेल्फ हळू फिरतो आहे आणि कारण कळत नाही, तेव्हा डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर प्रश्न लगेच सुटतो. घरगुती विजेसाठीचा साधा क्लॅम्प इथे चालत नाही. हळू फिरताना प्रवाह कमी असेल तर कुठेतरी रोध आहे: सांधा, संपर्क किंवा ब्रश. हळू फिरताना प्रवाह नेहमीपेक्षा जास्त असेल तर मोटरचे बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) झिजून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आत घासते आहे, गुंडाळी शॉर्ट आहे, किंवा इंजिनच जड फिरते आहे. सेल्फ इंजिनाच्या तळाशी असल्याने साचलेले पाणी वर चढले की तो भिजतो, आणि एकदा खारे पाणी आत गेले की नुसते वाळवून चालत नाही. तो उघडून गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, बुशना तेल देऊनच परत बसवावा लागतो.

अडलेले ब्रश मोकळे करण्यासाठी सेल्फच्या अंगावर लाकडाने हलके ठोकण्याचा उपाय बंदर गाठेपर्यंत उपयोगी पडतो. कायमचुंबकाच्या लहान सेल्फवर तो करू नये, चुंबक तडकतात.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही

इथे दोष बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेतला, म्हणजे हवा शिरणे किंवा फिल्टर तुंबणे, असा असतो. विजेचा भाग फक्त स्टॉपपुरता उरतो. काही इंजिनांत स्टॉप सोलेनॉइडला वीज मिळाली तरच डिझेल सुरू होते, काहींत वीज मिळाली की डिझेल बंद होते. आपल्या इंजिनात कोणता प्रकार आहे हे आधी माहीत असावे. पहिल्या प्रकारात चावी लावल्यावर सोलेनॉइडचा हलका आवाज येतो. तो न आल्यास त्याच्या वायरवर व्होल्टेज मोजावे. दोरीचा स्टॉप असेल तर ती पूर्ण आत गेली आहे का ते पाहावे. ग्लो प्लगचा (सिलिंडरमधली हवा तापवणाऱ्या प्लगचा) विचार आपल्या हवामानात क्वचितच करावा लागतो. थेट इंजेक्शनची मोठी इंजिने त्यांच्याविना सुरू होतात.

समुद्रात अडचण आल्यास

शेजारच्या बोटीची बॅटरी घ्यायची असेल तर दोन्हींचे व्होल्टेज सारखे आहे याची खात्री करावी. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडावा आणि निगेटिव्हचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर ब्लॉकच्या उघड्या धातूला लावावे, म्हणजे ठिणगी गॅसजवळ उडणार नाही. उतरलेल्या बॅटरीला दहा-पंधरा मिनिटे चार्ज मिळू देऊन मग सेल्फ मारावा. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) असलेल्या लहान इंजिनावर तो उचलून इंजिनाला वेग घेऊ द्यावा आणि मग सोडावा. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवरही इंजिन असे अनेकदा पकडते. बॅटरीच्या खोक्यात समुद्राचे पाणी शिरले असेल तर झाकण उघडून वरून तोंड घालू नये. ॲसिडमध्ये खारे पाणी मिसळले की क्लोरीन निघतो.

इंजिन सुरू झाल्यावर

सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट, २४ व्होल्टच्या नौकेवर साधारण २७.६ ते २८.८ व्होल्ट दिसायला हवेत. दिसत नसतील तर डायनामोचा बेल्ट आणि चार्जिंगचा लाल दिवा पाहावा. चावी लावल्यावर तो दिवा पेटतच नसेल तर बल्ब गेलेला असू शकतो, आणि अनेक डायनामोंना सुरुवातीची चेतना त्याच बल्बमधून मिळते. इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करू नये. डायनामोचे डायोड जळतात.

बंदीच्या काळात बॅटऱ्या शक्यतो उतरवून घरी कोरड्या जागी ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज कराव्यात, कारण उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उष्ण हवेत त्या आपोआप लवकर उतरतात आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्या की सल्फेट धरतात. बोटीवरच ठेवायच्या झाल्या तर निगेटिव्ह सोडून ठेवावा. तळातले पाणी उपसणारा स्वयंचलित पंप चालू ठेवायचा असेल तर त्याला वेगळी बॅटरी द्यावी. हंगाम सुरू करताना सर्व सांधे स्वच्छ झाल्यावर सेल्फ मारतानाचे चार आकडे, म्हणजे प्रत्येक बॅटरीवरचे व्होल्टेज आणि पॉझिटिव्ह व निगेटिव्ह बाजूचा तोटा, तारखेसह इंजिनरूमच्या फळीवर मार्करने लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे सेल्फ मंदावला की तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) समुद्रातून फोनवर नेमका कोणता आकडा बदलला आहे एवढे सांगता येते.